रमाबाईंच्या चेहऱ्यावरची जाळी

त्या दिवशी सुभानराव आले नाहीत. चहा नेहमीसारखा दोन कप आला. मधुवंतीने आपला प्यायला आणि दुसऱ्यावर बशी झाकून ठेवली. सकाळपासून आपला कान जिन्याकडे लागलेला आहे हे तिला तेव्हाच कळलं. खाली छपाईचं मशीन चालू होतं. त्याच्या खडखडाटातूनही सुभानरावांची पावलं तिला ओळखता यायची, कारण ते प्रत्येक पायरीवर क्षणभर थांबत आणि वर आल्यावर दारातल्या पायपुसण्यावर चपला नसलेले पायही पुसत. रावपुऱ्यातल्या त्या प्रेसच्या पहिल्या मजल्यावर काचेची एक खोली होती. कॉम्प्युटरसाठी एसी बसवलेली. तिच्यात मधुवंती दिघे गेली काही वर्षं एकटीच बसून दुसऱ्यांच्या लग्नपत्रिका, स्मरणिका, औषध कंपन्यांच्या पुस्तिका जुळवत असे. खुर्च्या दोन होत्या. दुसरी गिऱ्हाइकांसाठी, आणि गिऱ्हाइकं कधी तिच्यावर फार वेळ टेकत नसत. सुभानराव मात्र बसत. बसण्याआधी टोपी काढून मांडीवर ठेवत, आणि मग तास-दोन तास ती टोपी तिथंच असे. आज कप निवत चालला तसं तिला वाटलं, आज सांगायचंच ठरवलं होतं आपण. मग तिचं तिलाच हसू आलं, कोरडं. कालही ठरवलं होतं. परवाही.

ते पहिल्यांदा आले तेव्हा थंडी नुकती सुरू झाली होती. हातात कापडी पिशवी, पिशवीत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला एक जुना अंक. "मराठी बोलता ना तुम्ही?" असं त्यांनी आधी विचारलं, आणि हो म्हटल्यावर त्यांचे खांदे सैल पडल्यासारखे झाले. नाव सुभानराव मोहिते. राहायला वाडीत, शहरातल्या जुन्या मराठी वस्तीत. आजे-पणजे संस्थानच्या घोडदळात, आणि हे स्वतः नंदेसरीच्या एका केमिकल फॅक्टरीत स्टोअर्स सांभाळून रिटायर झालेले. बायको गेली त्याला आता वर्ष होत येणार होतं. वर्षश्राद्धाला येणाऱ्या माणसांच्या हातात द्यायला एक लहानशी पुस्तिका करायची होती. बायकोच्या विद्यार्थिनींनी लिहिलेल्या आठवणी, एक-दोन अभंग, आणि पहिल्या पानावर फोटो. "रमाबाई मुलींच्या शाळेत पीटी शिकवायच्या," ते म्हणाले. "वाडीतल्या अर्ध्या बायका त्यांच्या शिट्टीवर पळालेल्या आहेत." मग त्यांनी प्लॅस्टिक सोडवून अंक टेबलावर ठेवला. बासष्ट-त्रेसष्ट सालचा शाळेचा वार्षिक अंक होता. क्रीडादिनाच्या पानावर एक फोटो, पोस्टकार्डाहून लहान. गळ्यात शिट्टी, पदर कमरेला खोचलेला, आणि मैदानावर काहीतरी घडलंय ते पाहून मान मागे टाकून हसणारी बाई. "दुसरे फोटो आहेत घरी. पण त्यांत तोंड मिटलेलं. पुढचा एक दात जरा बाहेर होता ने, म्हणून कॅमेरा दिसला की ओठ घट्ट. जन्मभर. ह्या एकातच पकडली गेली." त्यांच्या मराठीत 'ना'च्या जागी गुजराती 'ने' यायचा. मूळ फोटो काढणारा स्टुडिओ केव्हाच बंद झाला होता. शाळेत चौकशी करून झाली होती. उरलं होतं ते हे छापलेलं पान.

छापलेल्या फोटोवरून पुन्हा फोटो छापायचा म्हणजे काय, हे मधुवंतीला माहीत होतं. जुनी छपाई ठिपक्यांची. ते ठिपके स्कॅनर उचलतो, आणि त्यांच्यावर आपल्या छपाईचे नवे ठिपके चढले की दोघांची जुळवणी न होता एक तिसरंच काहीतरी उमटतं, पट्ट्यापट्ट्यांचं, चौकडीचं. प्रेसमध्ये सगळे त्याला जाळी म्हणत. तिने तसं सुभानरावांना सांगितलंही. त्यांनी मान हलवली. मग तिने स्कॅन करून फोटो पानात बसवला आणि प्रिंट काढून दाखवली. सुभानराव कितीतरी वेळ त्या कागदाकडे बघत राहिले. रमाबाई हसत होत्या, पण खिडकीला डासांची जाळी मारलेली असावी आणि तिच्या पलीकडे उभ्या असाव्यात तशा. "ही निघेल?" त्यांनी विचारलं. "प्रयत्न करते, काका," ती म्हणाली. तिची आई शेवटची दोन वर्षं मच्छरदाणीतच होती. मांजलपूरच्या त्या फ्लॅटमध्ये डास फार, आणि आईला पंखा सोसत नसे, म्हणून दिवसाही मच्छरदाणी पाडलेली. ऑफिसातून आल्यावर मधुवंती पलंगाशी बसून दिवसभराचं सांगायची, कुठल्या पत्रिकेत नवरीचं नाव चुकलं, गुणवंतभाई कोणावर ओरडले, आणि जाळीआडून तो चेहरा ऐकायचा, किंवा ऐकत नसायचा. जाळीमुळे डोळे उघडे आहेत की मिटलेले हे कळत नसे. आई गेली त्या संध्याकाळीही ती बोलतच होती. किती वाक्यं आपण उगाच बोललो हे तिला अजून ठरवता आलेलं नव्हतं. नंतर तिने मच्छरदाणी धुऊन घडी करून माळ्यावर टाकली. अभिजित, तिचा भाऊ, बंगलोरहून येऊन दहाव्या-तेराव्याचं उरकून गेला आणि दर रविवारी फोन करू लागला. "जेवलीस?" तो विचारायचा. ती हो म्हणायची. मग त्याची मुलं इंग्रजीत हाय म्हणायची.

सुभानराव रोज येऊ लागले. मजकुराचं काम थोडं होतं. एखाद्या विद्यार्थिनीची आठवण घेऊन येत, ती वाचून दाखवत, एखादा शब्द बदलत. तेवढं झालं की मधुवंती फोटोवर काम करी आणि ते बसून बघत. अंक तिरका ठेवून स्कॅन करून पाहिला, फार बारकाईने स्कॅन करून मग लहान करून पाहिला. जाळी कमी झाली की चेहरा धुरकट होई. चेहरा स्वच्छ केला की जाळी पुन्हा वर येई. सुभानरावांना त्यातलं काही कळत नव्हतं आणि कळून घ्यायची घाईही नव्हती. ते बोलत. रमाबाई पहाटे कमाटीबागेत फेऱ्या मारायच्या आणि हे मागून दमत चालायचे. एकदा फॅक्टरीत वायू सुटला होता तेव्हा त्या सायकलवरून नंदेसरीच्या रस्त्याला लागल्या होत्या, अर्ध्या वाटेवर हे बसमधून परत येताना दिसले तर तिथंच सायकल टाकून रस्त्यात बसल्या. "बोलल्या काहीच नाहीत. नुसती शिट्टी काढली पर्समधून आणि फुंकली. बस थांबली ने!" ते हसायचे, आणि मधुवंतीही हसायची, आणि काचेच्या खोलीत हसण्याचा आवाज कसा होतो हे तिला नव्याने ऐकू यायचं. ती स्वतःही बोलू लागली होती. वडील महसूल कचेरीत होते, गाण्याचं वेड, म्हणून मुलीचं नाव रागाचं ठेवलं, आणि मुलीला सूर अजिबात नाही. हे तिने गेल्या कितीतरी वर्षांत कोणाला सांगितलं नव्हतं. दिवसभर गुजराती बोलायची, त्यात तिला काही परकं वाटत नसे, शेजारच्या कोकिळाबेन वाटीभर उंधियो द्यायला यायच्या आणि दारातच अर्धा तास उभ्या राहायच्या. पण वडिलांविषयीची ती गोष्ट गुजरातीत सांगावीशी कधी वाटली नव्हती. सुभानरावांना सांगताना तिला जाणवलं की आपल्या तोंडात मराठी शब्द बरेच दिवस न वापरलेल्या भांड्यांसारखे झालेत, आधी पुसून घ्यावे लागतात.

आणि मग एका दुपारी, ते निघून गेल्यावर, फोटो साफ झाला. ठिपके इतके पुसून घेतले की चेहरा जवळजवळ गेलाच, आणि मग डोळ्यांच्या कडा, ओठ, तो पुढे आलेला दात, शिट्टीची दोरी, एवढंच तिने हळूहळू, हाताने, परत उठवलं. प्रिंट काढली. जाळी नव्हती. एक बाई मान मागे टाकून हसत होती आणि मध्ये काहीच नव्हतं. मधुवंतीने प्रिंट हातात धरली, खिडकीशी नेली, उजेडात पाहिली. ही कोणाला दाखवायची म्हणून ती इकडेतिकडे बघू लागली. खाली जाऊन तिने गुणवंतभाईंना दाखवली. चष्मा कपाळावर चढवत ते म्हणाले, "सरस," आणि कागद परत दिला. प्रेसचे मालक होते ते, दिवसाकाठी असे शंभर कागद त्यांच्या हातून जात. उद्या सकाळी काका बघतील, तिला वाटलं. आणि रात्रभर तिने त्यांचा चेहरा कसा होईल ते मनात रंगवलं. त्या रंगवण्यातच कुठेतरी पुढचं चित्र दिसलं. ते प्रिंट बघतात, डोळे पुसतात, आभार मानतात, टोपी घालतात. जिना उतरतात.

सकाळी ते आले, पाय पुसले. कागदात गुंडाळलेली लिलवाची, म्हणजे ओल्या तुरीच्या दाण्यांची, कचोरी त्यांनी टेबलावर ठेवली. "गरम आहे तोवर खा. गेली का जाळी?"

"अजून नाही, काका," मधुवंती म्हणाली.

ते वाक्य आपल्या तोंडून कसं निघालं हे तिने नंतर पुष्कळदा आठवून पाहिलं. निघण्याआधी ते तिच्या मनात नव्हतं. पण निघाल्यावर मात्र ते मागे घेण्यासाठी तिने काहीही केलं नाही, उलट शांतपणे पानातला साफ फोटो काढून त्या जागी पहिला जाळीवाला स्कॅन बसवला आणि पडदा त्यांच्याकडे वळवला. "बघा." त्यांनी बघितलं. निराश झाले नाहीत. "होईल, होईल. तुम्ही कचोरी खा," म्हणाले. त्या दिवसापासून ते रोजचंच झालं. ते यायच्या आधी जुना फोटो, ते गेल्यावर नवा. रोज ती काहीतरी करून दाखवी, थोडं धुरकट, थोडं तिरकं, आणि रोज जाळी उरे. ते उठून गेले की ती साफ फोटो उघडून बसे. रमाबाई तिच्याकडे बघत नव्हत्या, त्या मैदानाकडे बघत होत्या, तरी तिला नजर चुकवावीशी वाटे. तिने मनाशी हिशेब मांडले. काम वेळेत होतंच आहे, वर्षश्राद्धाला अजून अवकाश आहे. छपाईला एक दिवस पुरतो. कोणाचं काय जातंय? म्हाताऱ्याचा वेळ तेवढाच बरा जातो. शेवटचं कारण तिला सगळ्यांत जास्त पटे आणि त्याचीच सगळ्यांत जास्त शिसारी येई. एकदा घरी भाकरी थापताना ते आठवून तिचा हात थांबला आणि भाकरी परातीतच फाटली. आपण एका माणसाची हसणारी बायको लपवून ठेवली आहे. ड्रॉवरमध्ये. त्याला रोज समोर बसवून.

आणि आज ते आले नाहीत. बशीखालचा चहा तिने बेसिनमध्ये ओतला. दुसऱ्या दिवशीही आले नाहीत. "मधुबेन, पेला काकानुं काम हजी पत्युं नथी?" गुणवंतभाईंनी जिन्यातून विचारलं, त्या काकांचं काम अजून संपलं नाही का म्हणून. "पती जशे," संपेल, ती म्हणाली. कामाच्या पाकिटावर त्यांचा फोन नंबर होता. तिने दोनदा रिसीव्हर उचलला आणि खाली ठेवला. काय म्हणणार होती ती? जाळी गेली, या? आणि मग इतके दिवस? की जाळी गेली नाही, तरी या? त्यांना काही झालं असेल असंही तिच्या मनात येऊन गेलं. सत्तरी ओलांडलेला माणूस, थंडीचे दिवस. त्या विचाराच्या शेपटाला धरून दुसरा एक विचार आला, की तसं झालं तर कोणाला काही कळणार नाही. तो आला तसा ती खुर्चीतून उठलीच. नळाखाली तोंड धुतलं. आरशात केस पांढरे झालेली, बरी दिसणारी, भली वाटणारी एक बाई होती.

शुक्रवारी दुपारी पायऱ्यांवर तीच थांबत थांबत येणारी पावलं ऐकू आली. मधुवंतीने पटकन पडद्यावर जुना फोटो लावला, सवयीने. मग तिला लाज वाटली, पण तोवर ते आत आले होते. पाय पुसले, बसले, टोपी मांडीवर घेतली. आज पिशवी जड होती.

"दोन दिवस करजणला होतो. लेकीकडे," ते म्हणाले. "वैष्णवीकडे. तिला सांगितलं, बाई फार मेहनत घेतायत, पण फोटोची जाळी काही निघत नाही. रविवारी तर वर्षश्राद्ध. जावई म्हणाले, बाबा, आता किती दिवस वाट बघणार, आमच्याकडे एक ओळखीचा प्रेसवाला आहे, लगेच करून देईल. मी आधी नाही म्हटलं. तुम्हाला काय वाटेल, म्हणून." त्यांनी पिशवीतून एक पुस्तिका काढली आणि दोन्ही हातांनी, देवाचा प्रसाद द्यावा तशी, तिच्यापुढे धरली. "पण मग म्हटलं, तुम्हीसुद्धा दमला असाल. तुमची सुटका झाली. मजकूर तोच आहे, तुम्ही दुरुस्त केलेला. पहिली प्रत तुमची."

मधुवंतीने पान उलटलं. रमाबाईंच्या चेहऱ्यावर जाळी होती. तिने कॉम्प्युटरवर दाखवली होती त्याहून दाट. कपाळावर चौकडी, गालांवर पट्टे. दात त्यात दिसतच नव्हता. हसणं तोंडाच्या जागी एक काळा डाग होऊन राहिलं होतं.

"आहे जाळी," सुभानराव म्हणाले. तिच्या चेहऱ्याकडे बघून घाईघाईने पुढे बोलले, "पण तुम्हीच म्हणाला होतात ने, छापलेल्यावरून छापलं की येतेच. मी वैष्णवीला सांगितलं, असू दे. ज्यांनी तिला बघितलंय त्यांना दिसेल आतलं."

एसीचा आवाज येत होता. खाली मशीन थांबलं होतं, कागद बदलत असतील. मधुवंतीच्या मनात आलं, आता गप्प राहिलं तर सगळं संपेल. हा माणूस आभार मानून जाईल, जन्मभर आपल्याला चांगली बाई म्हणून आठवेल. एवढंच करायचं होतं, गप्प राहायचं. तिने ड्रॉवर उघडला आणि साफ प्रिंट काढून त्यांच्यासमोर ठेवली.

सुभानरावांनी ती उचलली नाही. तसेच खाली वाकले. त्यांनी तळहात कागदाच्या वर, कागदाला न टेकता, धरला. "रमा," ते म्हणाले. बाई न लावता. तिने त्यांच्या तोंडून तसं कधी ऐकलं नव्हतं. मग त्यांनी वर पाहिलं. डोळे ओले होते आणि त्यांत नुसता आनंद होता, आणि तोच तिला सहन झाला नाही.

"झालं की हो! आज झालं?"

"नाही, काका. बरेच दिवस झाले."

"म्हणजे?"

"तुम्ही कचोरी आणली होती ना, त्याच्या आदल्या दुपारी."

त्यांना समजायला वेळ लागला. ते आठवत होते, हे त्यांच्या भुवयांवरून दिसत होतं. कचोरी, त्यानंतरचे दिवस, रोजचं "बघा, अजून आहे". आनंद चेहऱ्यावरून एकदम गेला नाही, हळूहळू उतरला, आणि त्याच्या जागी काय आलं ते तिला ओळखता आलं नाही.

"मग सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही आला नसता."

तिला अजून बोलायचं होतं. आई, मच्छरदाणी, फ्लॅट, रविवारचा फोन, सगळं. पण त्या तीन शब्दांच्या पुढे काही निघालं नाही, आणि ते निघालं नाही हे बरंच झालं असंही तिला वाटलं, कारण बाकीचं सगळं रडगाणं झालं असतं. सुभानराव उठले. टोपी घातली. प्रिंट तशीच टेबलावर राहू दिली, तिच्याकडे पुन्हा एकदा पाहिलं, प्रिंटकडे, मधुवंतीकडे नाही, आणि निघाले. जिन्यात या वेळी ते कुठल्याच पायरीवर थांबले नाहीत.

मधुवंती उठली, खाली गेली आणि गुणवंतभाईंना म्हणाली की एक फोटो आजच्या आज छापायचा आहे, चांगल्या कागदावर, पानाच्या मापाचा, एका शीटवर बसतील तितके. "कोनुं काम छे?" त्यांनी विचारलं. "मारुं," ती म्हणाली. "भूल मारी छे." एवढ्या वर्षांत मधुबेनने चूक आपली आहे असं म्हटल्याचं त्यांना आठवत नसावं. त्यांनी मशीनवाल्याला चालू काम बाजूला ठेवायला सांगितलं. संध्याकाळपर्यंत फोटो छापून, कापून, गठ्ठा बांधून तिच्या हातात आले.

शनिवारी दुपारी ती वाडीत गेली. घर शोधायला त्रास पडला नाही. गल्लीच्या तोंडाशी पीटीच्या बाई म्हटल्याबरोबर दोन बायकांनी एकदम हात दाखवला. दार वैष्णवीने उघडलं. तिशीच्या पुढची, गुडघ्यापर्यंत साडी वर खोचलेली, पिठाचे हात. आत कढई, माणसं, उद्याची तयारी. मधुवंतीने दारातच सांगितलं की मी रावपुऱ्याच्या प्रेसमधली, पुस्तिकेत जो फोटो आहे त्यावर चिकटवायला हा नीट फोटो आणला आहे, मला कुठे बसू दिलंत तर मीच चिकटवून जाईन. तिने गठ्ठा सोडून वरचा फोटो दाखवला. वैष्णवीने हात पुसले, फोटो घेतला आणि जिथं होती तिथंच उंबऱ्यावर बसली.

"अगंबाई. दात," ती म्हणाली. "आईचा दात." आणि हसता हसता रडायला लागली. आतून कोणीतरी काय झालं म्हणून विचारलं. "काही नाही, आई आली," ती ओरडून म्हणाली, आणि मग आपण काय बोललो ते कळून तोंडावर हात ठेवला.

बाहेरच्या खोलीत सतरंजीवर मधुवंतीला जागा करून दिली गेली. पुस्तिकांचे गठ्ठे आले, वाटीत खळ आली. ती एकेक पुस्तिका उघडी आणि जाळीतल्या चेहऱ्यावर कडेकडेने खळ लावून साफ चेहरा बसवी, फडक्याने दाबी, बाजूला ठेवी. वैष्णवी मध्येच येऊन चहा ठेवून गेली. "बाबा सांगत होते प्रेसकडून काहीतरी गोंधळ झाला म्हणून. होतं हो असं," ती म्हणाली. म्हणजे त्यांनी सांगितलं नव्हतं. मधुवंतीने मान खाली घातली. सुभानराव मागच्या खोलीत होते. त्यांचा खोकला ऐकू येत होता, एकदा कोणाला तरी पाट मोजून घ्यायला सांगितल्याचा आवाज आला. ते बाहेर आले नाहीत. चेहरा, चेहरा, चेहरा. तोच माणूस इतक्या वेळा हसताना बघितला की हसणं म्हणजे काय हेच कळेनासं होतं. बोटांवर खळ वाळून कातडी ताणल्यासारखी झाली. आतल्या घरातले आवाज येत-जात राहिले, भांड्यांचे, हसण्याचे, एका मुलाला दटावल्याचे, सगळे मराठीत, आणि त्यांतला एकही तिच्यासाठी नव्हता. तरी तिला उठावंसं वाटत नव्हतं. शेवटची पुस्तिका तिने जरा जास्तच वेळ दाबून धरली.

"उद्या जेवायला याल ना?" वैष्णवी दारापर्यंत आली होती. "या हं. नक्की या." किती सहज म्हणाली ती, एका हाताने पदर सावरत, दुसऱ्या हाताने कोणाला तरी आत थांबायची खूण करत. मधुवंतीने काहीतरी पुटपुटल्यासारखं केलं आणि पायऱ्या उतरून आपल्या स्कूटरपाशी आली. किल्ली लावताना मागे फाटक वाजलं. सुभानराव उभे होते. डोक्यावर टोपी नव्हती. टोपीवाचून ते एकदम लहान दिसत होते.

"दिघेबाई."

ती वळली. त्यांच्या हातात पुस्तिका होती, उघडलेली नव्हती.

"फोटो छान झालाय," ते म्हणाले. गल्लीतून एक सायकल गेली. "मी कालपासून विचार करतोय. राग आलाय मला. अजून आहे. इतके दिवस, रोज, तोंडावर खोटं बोललात तुम्ही. आणि मी घरी येऊन हिच्या फोटोला सांगायचो, बाई किती कष्ट घेतायत तुझ्यासाठी." त्यांचा आवाज चढला आणि मग एकदम बसला. "इतकं सगळं केलंत. एकदा नुसतं 'या' म्हणायला काय झालं होतं? मी आलो असतो ने."

त्यांना उत्तर नकोच होतं बहुतेक. आतून "बाबा" म्हणून हाक आली. त्यांनी मान हलवली, कोणाला ते कळलं नाही, आणि फाटक लावून आत गेले.

मांजलपूरच्या वाटेवर रेल्वेचं फाटक बंद होतं. दोन्हीकडे गाड्यांची गर्दी साचली होती, सगळ्यांनी इंजिनं बंद केली होती. ऊन उतरलं होतं. मधुवंतीने हँडलवर हात ठेवले, बोटांवरची खळ अजून सोलून निघत होती. मालगाडी येऊ लागली, डब्यामागून डबा, संपेचना. त्या आवाजात आपलं कोणाला ऐकू येणार नाही असं वाटून ती हळूच म्हणाली, "या." बरोबर वाटलं नाही. जरा मोठ्याने म्हणाली, "या ना." आवाज ऑफिसातला निघाला, गिऱ्हाइकाला म्हटल्यासारखा. तिने पुन्हा म्हणून पाहिलं, शेवटचा स्वर जरा लांबवून, वैष्णवी म्हणाली होती तसा. कसं म्हणतात लोक हे? म्हणताना कुठे बघतात?

शेजारच्या स्कूटरवर मागे बसलेली एक बाई, मांडीवर भाजीची पिशवी, तिच्याकडे वळून बघत होती. "मने कंई कह्युं, बेन?" तिने विचारलं, आपल्यालाच काही म्हटलं की काय म्हणून.

मधुवंतीने तिच्याकडे पाहिलं. नाही म्हणायला तोंड उघडलं, आणि नाही हा शब्दही लगेच आला नाही. तेवढ्यात शेवटचा डबा गेला, फाटकाचा दांडा हलला, मागून हॉर्न सुरू झाले, आणि ती स्कूटर त्या बाईला घेऊन रूळ ओलांडून पुढे निघून गेली.